विषाणूंची कात्री आणि तिची नेमकी नजर

एचआयव्ही, हेपॅटायटिस-सी आणि कोविड या तीन आजारांवरील काही अत्यंत परिणामकारक औषधांचे लक्ष्य एकाच जातीचे आहे. ते म्हणजे विषाणूंजवळ असणारी, प्रथिने कापणारी विकरे, अर्थात प्रोटिएज. ही विकरे आपले सावज कसे ओळखतात, ते नेमक्या जागीच कसे कापतात आणि औषधे त्यांना कशी रोखतात, याचा हा आढावा.

एकच लांबलचक साखळी

विषाणू हा स्वावलंबी जीव नव्हे. स्वतःची प्रथिने घडविण्याची यंत्रणा त्याच्याजवळ नसते. तो ज्या पेशीत शिरतो, त्या पेशीचीच रायबोसोमे तो कामाला जुंपतो. मात्र येथे त्याच्यापुढे एक अडचण उभी राहते. मानवी पेशीतील यंत्रणा एका संदेशवाहक आरएनएवरून सर्वसाधारणपणे एकच प्रथिन तयार करते. विषाणूला तर अनेक प्रथिने हवी असतात आणि त्याच्याजवळचा जनुकीय मजकूर अगदी तुटपुंजा असतो.

यावर अनेक विषाणूंनी शोधलेली युक्ती एकच आहे. सगळी प्रथिने एकापुढे एक जोडलेली, अशी एकच अखंड साखळी तयार करून घ्यायची आणि नंतर तिचे ठरावीक जागी तुकडे पाडायचे. अशा साखळीला बहुप्रथिन म्हणतात. पोलिओच्या विषाणूचे बहुप्रथिन सुमारे २,२०० अमायनो आम्लांचे असते. कोविडला कारणीभूत ठरणाऱ्या सार्स-कोव्ह-२ या विषाणूची सर्वांत मोठी साखळी तर सुमारे ७,१०० अमायनो आम्लांची आहे. तिच्यातून १५ स्वतंत्र प्रथिने बाहेर पडतात. तुलनेसाठी सांगायचे तर आपल्या शरीरातील इन्सुलिन अवघ्या ५१ अमायनो आम्लांचे असते.

पोलिओचा विषाणू आपली प्रथिने अशा रीतीने तोडून मिळवतो, हे १९६८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. त्यांत पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले डेव्हिड बाल्टिमोर हेही होते. तुकडे पाडणारी कात्री बहुधा त्या साखळीचाच एक भाग असते, ही यातील सर्वांत विलक्षण बाब. तिला आधी स्वतःलाच साखळीतून कापून मोकळे व्हावे लागते. त्यानंतर ती उरलेल्या साखळीकडे वळते.

कापते म्हणजे नेमके काय करते?

प्रथिनातील दोन अमायनो आम्ले पेप्टाइड बंधाने एकमेकांशी जोडलेली असतात. हा बंध चिवट असतो. विकराची मदत नसेल, तर साध्या पाण्यात तो आपोआप तुटण्यास कित्येक वर्षे लागतात. प्रोटिएज हे काम अल्पावधीत करते.

एचआयव्हीच्या प्रोटिएजमध्ये एकसारखे दोन भाग असतात. प्रत्येक भाग ९९ अमायनो आम्लांचा असतो. हे भाग सुटे असताना निरुपयोगी असतात. दोन्ही एकत्र आले, की त्यांच्या मधोमध एक बोगद्यासारखी खाच तयार होते. खाचेच्या तळाशी प्रत्येक भागातील एक अशी ॲस्पार्टिक आम्लाची जोडी असते. वरच्या बाजूला दोन लवचीक झडपा असतात. कापायची साखळी आत आली, की या झडपा तिच्यावर मिटतात. मग ॲस्पार्टिक आम्लांची जोडी पाण्याच्या एका रेणूला चेतवते. तो रेणू बंधातील कार्बनवर चाल करतो, क्षणभर त्या कार्बनला चार हात फुटतात आणि पुढच्याच क्षणी बंध तुटतो.

कोरोनाविषाणूचे मुख्य प्रोटिएज वेगळ्या घराण्यातले आहे. त्याचे हत्यार म्हणजे १४५ व्या स्थानावरील सिस्टीन या अमायनो आम्लातील गंधक. शेजारचे हिस्टिडिन त्याला सिद्ध करते आणि मग गंधक स्वतःच बंधावर हल्ला चढवते. घराणी वेगळी असली, तरी दोघांचा परिणाम एकच, साखळीचे दोन तुकडे.

मात्र केवळ कापता येणे पुरेसे नाही. पेशीत हजारो प्रकारची प्रथिने असतात आणि प्रत्येकात शेकडो बंध असतात. त्यांतून नेमका हवा तोच बंध निवडणे, हेच खरे कौशल्य.

ओळख पटते कशी?

या प्रश्नाची परिभाषा एका अगदी परिचित पदार्थावरील संशोधनातून आली. कच्च्या पपईच्या चिकात पपेन नावाचे विकर असते. मांस मऊ करण्यासाठी पपई लावतात, ती याच विकरामुळे. इस्रायलमधील वाइझमन संस्थेतील शेश्टर आणि बर्गर या संशोधकांनी १९६७ मध्ये पपेनचा अभ्यास करून असे दाखवले, की विकर केवळ तुटणाऱ्या बंधाकडे पाहत नाही. बंधाच्या दोन्ही बाजूंची मिळून सात अमायनो आम्ले विकराच्या खाचेतील एकेका कप्प्यात बसतात. हे कप्पे जितके चपखल भरतील, तितकी ओळख पक्की. प्रोटिएजच्या अभ्यासात आजही कप्प्यांना त्यांनीच सुचविलेल्या पद्धतीने क्रमांक दिले जातात.

विषाणूंची विकरे हेच तत्त्व वापरतात. परंतु त्यांच्या ओळखण्याच्या रीती ढोबळमानाने दोन आहेत.

पहिली रीत ठरावीक अक्षर शोधण्याची. कोरोनाविषाणूचे मुख्य प्रोटिएज साखळीत ११ ठिकाणी छेद देते. या प्रत्येक ठिकाणी छेदाच्या लगेच आधी ग्लुटामिन हे अमायनो आम्ल असते. त्याच्याही आधी बहुतेक वेळा ल्युसिन असते, तर छेदानंतर सेरिन किंवा ॲलॅनिनसारखे आकाराने लहान अमायनो आम्ल येते. विकरातील एक कप्पा जणू ग्लुटामिनच्याच मापाचा कोरलेला आहे. ग्लुटामिननंतर कापण्याची अशी खोड असलेले मानवी प्रोटिएज आजवर ज्ञात नाही. हा तपशील पुढे औषधनिर्मितीत मोलाचा ठरला.

अर्थात, अक्षर जुळले म्हणजे छेद पडलाच, असे नव्हे. पोलिओचे एक प्रोटिएज ग्लुटामिन आणि ग्लायसिन यांच्यामध्ये कापते, पण पोलिओच्या साखळीतील अशा सर्वच जोड्या तुटत नाहीत. जी जोडी घडीच्या आत दडलेली असते, तिथवर कात्री पोहोचतच नाही. साखळीचा तो भाग उघडा आणि लवचीक असावा लागतो.

दुसरी रीत अधिक गूढ आहे. एचआयव्हीच्या साखळीत छेद कुठे पडतात, हे पाहिले तर चक्रावून जायला होते. एका ठिकाणी छेद टायरोसिन आणि प्रोलिन यांच्यामध्ये पडतो. दुसऱ्या ठिकाणी ल्युसिन आणि ॲलॅनिन, तिसऱ्या ठिकाणी मेथिओनिन आणि मेथिओनिन, तर चौथ्या ठिकाणी फेनिलॲलॅनिन आणि ल्युसिन यांच्यामध्ये. यात समान अक्षर कोणतेच नाही. मग विकर ओळखते तरी काय?

याचे उत्तर २००२ मध्ये मिळाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतील मोझेस प्रभू-जयबालन, सीलिया शिफर आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या छेदस्थळांचे तुकडे प्रोटिएजच्या खाचेत बसवून त्यांच्या स्फटिकांची क्ष-किरण चित्रे घेतली. ही चित्रे एकमेकांवर ठेवताच असे आढळले, की अक्षरे वेगळी असली तरी खाचेत बसताना सर्व तुकडे जवळजवळ एकच आकारमान व्यापतात. म्हणजेच एचआयव्हीचे विकर अक्षरे वाचत नाही, ते आकृती पारखते. आठ अमायनो आम्लांचा तुकडा त्या ठरावीक साच्यात मावला, तर तो कापला जातो. या सामाईक आकाराला संशोधकांनी दिलेल्या नावाचा अर्थ 'सावजाचा लिफाफा' असा होतो.

मुंबईतील संशोधन

या विकराला काम करताना टिपण्याच्या प्रयत्नांत मुंबईचाही वाटा आहे. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील एम. व्ही. होसूर आणि त्यांचे सहकारी, तसेच परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील स्मिता महाले यांनी २००५ ते २०१० या काळात याविषयीचे महत्त्वाचे शोधनिबंध प्रसिद्ध केले. त्यांनी विकराचे दोन्ही भाग एका लहानशा दुव्याने जोडून घेतले आणि स्फटिकातील विकराला खरेखुरे सावज दिले.

साधारणपणे असे चित्र घेताना विकर निकामी करून ठेवावे लागते, अन्यथा चित्र घेण्याआधीच काम उरकलेले असते. येथे मात्र विकर कार्यक्षम होते. त्यामुळे कार्बनला चार हात फुटलेली मधली अवस्था, तसेच कापून झाल्यावरही खाचेतच राहिलेले दोन तुकडे, अशा टप्प्यांची चित्रे मिळाली. बंध तुटतानाची अवस्था जितकी नेमकी कळेल, तितकी तिची नक्कल करणारी औषधे अधिक नेमकी बनविता येतात. या संशोधनाचे मोल त्यात आहे.

वेळ चुकली की खेळ संपला

कुठे कापायचे याइतकेच केव्हा कापायचे, हेही विषाणूसाठी महत्त्वाचे असते. एचआयव्हीचा नवा कण पेशीतून बाहेर पडतो, तेव्हा तो अपक्व असतो. त्याच सुमारास कणात दाटीवाटीने जमलेल्या साखळ्यांमुळे प्रोटिएजचे दोन भाग एकत्र येतात आणि कापाकापी सुरू होते. सर्व छेद एका वेगाने पडत नाहीत. काही जागा झटपट तुटतात, तर काहींना त्याहून शेकडो पट अधिक वेळ लागतो. या क्रमामुळेच आतील प्रथिने शिस्तीने जुळून शंकूच्या आकाराचे कवच तयार होते. तसे झाले तरच तो कण संसर्गक्षम ठरतो.

१९८८ मध्ये संशोधकांनी प्रोटिएजमधील ॲस्पार्टिक आम्ल बदलून पाहिले. विषाणूचे कण तयार झाले, पण एकही पेशी त्यांना बाधित करता आली नाही. औषधासाठी हे विकर उत्तम लक्ष्य आहे, हे त्या दिवशी स्पष्ट झाले.

यजमानाच्या प्रथिनांवरही वार

ही कात्री केवळ विषाणूच्या साखळीपुरती मर्यादित राहत नाही. पोलिओचे दुसरे एक प्रोटिएज मानवी पेशीतील एका महत्त्वाच्या प्रथिनाचे दोन तुकडे करते. पेशीचे स्वतःचे संदेश रायबोसोमपर्यंत नेण्याची जबाबदारी या प्रथिनावर असते. ते तुटताच पेशीची बरीचशी प्रथिननिर्मिती थंडावते. विषाणूचा आरएनए मात्र वेगळ्या वाटेने रायबोसोमवर पोहोचतो, त्यामुळे त्याचे काम अबाधित चालते.

हेपॅटायटिस-सी विषाणूची चाल आणखी धूर्त आहे. पेशीत विषाणू शिरल्याची वर्दी पुढे देणारे एमएव्हीएस नावाचे प्रथिन तंतुकणिकांच्या बाह्य आवरणावर रोवलेले असते. या विषाणूचे प्रोटिएज ते प्रथिन मुळाजवळ कापून टाकते, असे २००५ मध्ये उघडकीस आले. धोक्याची घंटा वाजण्याआधीच तिची दोरी कापण्याचा हा प्रकार होय.

मात्र पेशीही हातावर हात ठेवून बसलेली नाही. आपल्या पेशींतील कार्ड-८ या प्रथिनाला एक शेपटासारखा भाग असतो. एचआयव्हीचे प्रोटिएज पेशीच्या आत सक्रिय झाले, तर ते हा भाग कापते आणि त्याच क्षणी पेशी आत्मनाशाची प्रक्रिया सुरू करते. म्हणजे विषाणूच्या कात्रीसाठी पेशीने लावलेला हा सापळाच आहे. अमेरिकेतील सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये हा शोध प्रसिद्ध केला. प्रोटिएजला पेशीतच, वेळेआधी जागे करणारी काही औषधे दिली, तर बाधित पेशी स्वतःला संपवितात, असेही त्यांनी प्रयोगशाळेत दाखवले. एचआयव्ही शरीरातून समूळ घालविण्याच्या प्रयत्नांना या शोधाने एक नवी दिशा दिली.

खोटे सावज म्हणजेच औषध

१९८९ मध्ये एचआयव्ही प्रोटिएजची त्रिमितीय रचना उलगडली आणि औषध कंपन्यांना जणू कुलपाचा नकाशाच हाती लागला. कल्पना सरळ होती. सावजासारखा दिसणारा, खाचेत घट्ट बसणारा, पण जिथे कापायचे तिथे न तुटणारा दुवा असलेला रेणू बनवायचा. कात्री तो पकडते आणि अडकून पडते.

टायरोसिन किंवा फेनिलॲलॅनिन आणि प्रोलिन यांच्यामधील बंध मानवी प्रोटिएज सहसा तोडत नाहीत. या वैशिष्ट्याचा आधार घेऊन तयार झालेल्या सॅक्विनॅव्हिरला अमेरिकेत डिसेंबर १९९५ मध्ये मान्यता मिळाली. मार्च १९९६ मध्ये रिटोनॅव्हिर आणि इंडिनॅव्हिर ही औषधे आली. इतर औषधांच्या जोडीने ती देण्यास सुरुवात झाल्यावर पाश्चात्त्य देशांत एड्सच्या मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. भारतातील शासकीय एआरटी केंद्रांत या गटातील औषधांचा वापर प्रामुख्याने दुसऱ्या फळीसाठी, म्हणजे पहिले उपचार निष्प्रभ ठरल्यावर, होत आला आहे.

परंतु विषाणूने लवकरच पळवाटा शोधल्या. प्रोटिएजमधील ८२ किंवा ८४ व्या स्थानावरील अमायनो आम्ल बदलले, की औषधाची पकड ढिली होई, आणि तरीही विकर आपले नेहमीचे काम करीतच राही. हे कसे शक्य होते? याचा उलगडा त्या लिफाफ्यानेच केला. औषधाच्या रेणूचा जो भाग सावजाच्या नैसर्गिक आकाराबाहेर डोकावतो, नेमका तिथेच विषाणू बदल घडवितो. सावजाला तिथे स्पर्शच होत नसल्याने विषाणूचे फारसे काही बिघडत नाही. याउलट औषध लिफाफ्याच्या आत राहिले, तर त्याला झिडकारणारा बदल सावजालाही झिडकारतो. औषधापासून सुटका हवी असेल, तर विषाणूला स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घ्यावा लागतो.

भारतात जन्मलेले व अमेरिकेत कार्यरत असलेले रसायनशास्त्रज्ञ अरुण घोष यांच्या संशोधनातून साकारलेले दारुनॅव्हिर हे औषध या कसोटीला बऱ्याच अंशी उतरते. ते लिफाफ्यात चांगले मावते. शिवाय अमायनो आम्लांच्या बदलणाऱ्या बाजूच्या शाखांऐवजी ते विकराच्या न बदलणाऱ्या कण्याला धरून राहते. जून २००६ मध्ये मान्यता मिळालेल्या या औषधाविरुद्ध प्रतिरोध निर्माण करणे विषाणूला अन्य औषधांच्या तुलनेत बरेच कठीण जाते.

कोविडने दिलेला धडा

ओळख किती नेमकी असते, याचा कठोर प्रत्यय २०२० मध्ये आला. कोविडवर औषध नव्हते, तेव्हा एचआयव्हीवरील लोपिनॅव्हिर आणि रिटोनॅव्हिर ही जोडी जगभर वापरून पाहिली गेली. भारतातही सुरुवातीच्या काही रुग्णांना ती देण्यात आली. दोन्ही विषाणूंकडे प्रोटिएज आहे, मग एकावरचे औषध दुसऱ्यावर चालेल, ही आशा त्यामागे होती. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' या मोठ्या चाचणीत ही औषधे दिलेल्या १,६१६ रुग्णांपैकी २३ टक्के, तर केवळ नेहमीचे उपचार घेतलेल्या ३,४२४ रुग्णांपैकी २२ टक्के २८ दिवसांत दगावले. म्हणजेच औषधाचा लाभ शून्य. एका घराण्याच्या खाचेसाठी घडविलेले खोटे सावज दुसऱ्या घराण्याच्या खाचेत बसले नाही.

यश आले ते स्वतंत्रपणे घडविलेल्या रेणूला. फेब्रुवारी २०२० मध्येच चिनी संशोधकांनी सार्स-कोव्ह-२ च्या मुख्य प्रोटिएजची रचना जगापुढे खुली केली होती. २००२-०३ मधील सार्सच्या साथीनंतर फायझर कंपनीने असाच एक रेणू तयार केला होता, पण साथ ओसरल्याने तो बाजूला पडला होता. त्या कामाचा धागा पुढे नेत निर्माट्रेल्व्हिर घडले. त्यातील एक वलय ग्लुटामिनची नक्कल करते, तर टोकाचा नायट्राइल गट सिस्टीनच्या गंधकाला पकडून ठेवतो. लक्षणे दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत हे औषध घेतलेल्या, लस न घेतलेल्या व जोखमीच्या गटातील रुग्णांमध्ये रुग्णालयात दाखल होण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण ८९ टक्क्यांनी घटले. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेने त्याच्या आपत्कालीन वापरास आणि मे २०२३ मध्ये पूर्ण मान्यता दिली. विशेष म्हणजे त्याच्या सोबत रिटोनॅव्हिरही द्यावे लागते. मात्र येथे ते विषाणूवर काम करीत नाही. यकृतातील औषध नष्ट करणाऱ्या विकराला ते रोखते, म्हणून निर्माट्रेल्व्हिर शरीरात अधिक काळ टिकते.

येथेही विषाणूच्या पळवाटांवर लक्ष ठेवावे लागते. १६६ व्या स्थानावरील एका बदलामुळे औषधाचा प्रभाव खूप घटतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. दिलाशाची बाब ही, की तेच अमायनो आम्ल ग्लुटामिन ओळखण्याच्या कामीही येत असल्याने त्या बदलाने विषाणूची स्वतःची वाढही मंदावते.

डेंग्यू अजून हाताबाहेर

हे तंत्र प्रत्येक विषाणूला लागू पडले आहे, असे मात्र नाही. दर पावसाळ्यात आपल्या शहरांना छळणाऱ्या डेंग्यूच्या विषाणूकडेही बहुप्रथिन आहे आणि ते कापणारे प्रोटिएजही आहे. तरीही त्या प्रोटिएजवरील एकही औषध अद्याप मान्यता मिळवू शकलेले नाही. याचे कारण पुन्हा ओळखीच्या रीतीतच दडले आहे. डेंग्यूचे विकर आर्जिनिन आणि लायसिन या धनभारित अमायनो आम्लांच्या जोडीनंतर कापते. आपल्या पचनातील ट्रिप्सिन आणि रक्त गोठविणारे थ्रॉम्बिन यांनाही अशाच धनभारित अमायनो आम्लांची आवड आहे. साहजिकच डेंग्यूच्या कात्रीसाठीचे खोटे सावज आपल्या शरीरातील उपयुक्त विकरांनाही अडकवू शकते. त्यातच डेंग्यूच्या विकराची खाच उथळ आहे, आणि तिला भावणारे भारित रेणू पेशीच्या आवरणातून सहजी आत जात नाहीत.

कोरोनाविषाणूची ग्लुटामिनची आवड मानवी विकरांहून वेगळी होती, म्हणून तिथे नेम धरणे तुलनेने सोपे गेले. डेंग्यूची आवड आपल्याच विकरांशी मिळतीजुळती आहे, म्हणून तिथे वाट बिकट आहे. त्यामुळे नव्या विषाणूची साथ आली, की संशोधक आरंभीच जे प्रश्न विचारतात, त्यांत हे दोन असतातच : याची कात्री कुठे कापते, आणि तिथे आपल्या शरीरातील दुसरी कोणती कात्री कापते का? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर औषधाचा आकार ठरतो, तर दुसऱ्याच्या उत्तरावर त्याची सुरक्षितता.